प्रसादाचं पपनस

रमेशचे हात थरथरत होते. मी रिपोर्ट दोनदा वाचला. क्रिएटिनिन वाढलं होतं. किडनी रक्त नीट गाळेनाशी झाली की हा आकडा चढतो. आणि ही किडनी त्याच्या आईने दोन वर्षांपूर्वी दिलेली. त्या पार्वतीकाकू शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी माणगावातली साधी फिजिशियन. मला धडकीच भरली. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला रोज टॅक्रोलिमसची गोळी लागते, नाहीतर शरीर परकी किडनी झिडकारतं. त्याचं ट्रान्सप्लांट करणाऱ्या मुंबईच्या सरांना फोन लावला.

"रिजेक्शन असेल," सर म्हणाले. "गोळ्या चुकल्यात का विचारा. चुकल्या नसतील तर डोस वाढवू. रक्तातल्या गोळीची लेव्हलही तपासायला पाठवा."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता.

"एक बी गोळी चुकली न्हाय," रमेश म्हणाला. "मोबाइलवर अलार्म लावलाय."

"दुसरं औषध? काढा? बाहेरचं खाणं?"

"न्हाय बाय," काकू म्हणाल्या. "घरातलाच भात नि आमटी."

काहीच हाती लागेना. तेवढ्यात काकूंनी पिशवीतून भलंमोठं पपनस काढून टेबलावर ठेवलं. "गनपतीच्या वर फळं बांधतात ना, त्यातलं. परसाद हाय, तुमाला आनलाय."

"रमेशही खातो?"

"रोज अर्धं, देवाला दाखवून. अंगनातल्या झाडाला रग्गड लागलीत. ताकद येते ना!"

"मग मघाशी का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला.

"परसादाला कोन खानं म्हनतं, बाय?"

पपनसात क जीवनसत्त्व भरपूर, हे खरं. पण त्यात फ्युरॅनोकौमॅरिन नावाची द्रव्यंही असतात. आतड्यातलं एक एन्झाइम टॅक्रोलिमसची गोळी बरीचशी मोडून टाकतं. ही द्रव्यं त्या एन्झाइमलाच बंद पाडतात. मग नेहमीचाच डोस रक्तात साचतो, हात थरथरतात आणि किडनीला मार बसतो. अशात मी डोस वाढवला असता तर? मी लगेच सरांना पुन्हा फोन लावला.

काकूंना समजावलं. "म्हंजे मीच दिली, नि मीच खराब केली?"

किडनी वाचेल का, मला खरंच माहीत नव्हतं.

सरांनी गोळी थांबवायला सांगून रमेशला मुंबईत ॲडमिट करून घेतलं. लेव्हल भलतीच वर निघाली. क्रिएटिनिन उतरायला आठवडा लागला. रोज सकाळी मी सरांना फोन करून आकडा विचारायची. किडनी वाचली.

आता पेशंटला खाण्याचं विचारून झालं की मी वेगळं विचारते, "आणि प्रसादाला काय होतं?" लोक हसतात. मी पेन हातात धरून थांबते.