पाठकबेन खोटं बोलल्या नाहीत

पाठकबेन अत्तर लावत नसत, गजरा माळत नसत, आणि आमच्या सरकारी प्रयोगशाळेत कुणी उदबत्ती पेटवली की स्वतः उठून विझवायच्या. मढ्याजवळची हवा काचेच्या नळीत ओढायची, यंत्रात सोडायची आणि तिच्यात काय काय आहे ते शोधायचं, हे त्यांचं काम. मी चौथी शिकलेला पट्टेवाला. बावीस वर्षं त्यांच्या नळ्या-बाटल्या धुतल्या. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावला, तर म्हणाल्या, "दादा, मेलेला माणूस घाण करत नाही. मांस मोडतं, त्याचे वायू होतात. कुजक्या अंड्यासारखा येतो तो गंधकाचा." पुट्रेसिन, कॅडाव्हरिन ही त्या वासांची नावं त्यांनीच माझ्याकडून पाठ करून घेतली.

कोर्टात वकील विचारायचे, माणूस मरून किती दिवस झाले. बेन म्हणायच्या, उन्हाळ्याचे दिवस, खिडकी उघडी होती की बंद ते कुणी टिपलं नाही, नक्की सांगता येणार नाही. एकाने टोमणा मारला की मग सरकार पगार कशाचा देतं? "जेवढं कळतं तेवढंच बोलण्याचा," बेन म्हणाल्या.

वैशाखात मी नवसारीला भावाकडे गेलो. बायकोला म्हणालो, दोन दिवसांत येतो. भावाने आग्रह केला, राहिलो. चौथ्या दिवशी छाणीला घरी परतलो, दाराची कडी वाजवायच्या आधीच वासावरून मला कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कधी, ते कुणी सांगेना. मी बोललो होतो तसा आलो असतो, तर ती जिवंत सापडली असती का? एवढंच मला कळायला हवं होतं.

बेन आल्या. शेजारपाजारचे नाकाला पदर लावून फाटकाशी उभे. त्या आत गेल्या, पंखा बघितला, खिडकी बघितली, बाहेर येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"दादा, मला सांगता येणार नाही."

मी म्हणालो, "बेन, एकदा खोटं बोला."

"बोलले तर तुम्ही ओळखाल. बावीस वर्षं माझ्या बाटल्या धुतल्यात."

मग पदर खोचून त्यांनी सोड्याच्या पाण्याने ती खोली एकटीने धुतली. तिसरी बादली लागली तेव्हा उठून मी भरून दिली. मी आभार मानले नाहीत. मला राग होता.

गेल्या वर्षी बेनही गेल्या. नातेवाईक अजून मला सांगतात, वहिनी पहिल्याच रात्री झोपेत गेल्या. ऐकायला बरं वाटतं. पण त्यांतला एकही त्या दिवशी घरात आला नव्हता.