उभा वाचलेला लोखंडी बैल

आमचा चित्र्या बैल मेला, आणि तो परत उठणार हे घरात फक्त माझ्या नातीला, आर्वीला, ठाऊक होतं. तिला ते मीच वाचून दाखवलं होतं!

त्याचं झालं असं. सूनबाईनं भोरहून पोरीला चित्रांचं पुस्तक आणलं. एक मुलगी आणि तिचा लोखंडी बैल. (वैरण नको, शेण नाही. असला बैल काय कामाचा?) आर्वी बालवाडीतली. म्हणाली, "मम्मीकडनं वाचून घेते."

"का? म्या मेलोय व्हय? दुसरी पास हाय म्या!"

पानावर चार चौकोन, वर दोन, खाली दोन. वेल्ह्याच्या स्टँडवर एसटीची पाटी वाचतात तसं मी वरून खाली वाचत गेलो. शेवटच्या पानावर बैल उभा. त्याच्याखाली बैल मरून पडलेला. शेजारी वर बघतो तर बैल पुन्हा उभा, छातीतला दिवा काढून पोरीला देतोय! त्याखाली पोरगी दिवा घेऊन घरी निघालेली.

"आबा, मेलेला बैल उठला?"

"उठला की! दिसतंय न्हवं?"

"मंग पोरगी एकटीच का?"

"मागनं येतोय. बैल हाय, दमानं चालतो."

पुढच्याच महिन्यात चित्र्या गोठ्यात बसला तो बसलाच. सकाळी खेळ खलास. माझ्या पोरानं पुरायच्या खड्ड्यासाठी जेसीबी आणला. बघतो तर आर्वी बैलाच्या छातीवर माझी बॅटरी पेटवून बसलेली!

"कुनी हात लावू नका! त्यो उठनार हाय. आबांनी वाचलंय!"

जेसीबीवाला म्हणाला, "आबा, कवा उठनार त्ये तरी सांगा. डिझेल जळतंय."

सूनबाईनं पुस्तक उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आबा, तुमी उभं वाचलंत! ह्ये आडवं वाचायचं असतं. दिवा दिला की बैल पडतो. मंग उठत न्हाई."

"भोरात वाचत असतील आडवं!" मी गरजलो. (बैल गेला म्हणून माणसानं हार मानायची काय?)

पण आर्वी माझ्याच तोंडाकडं बघत होती. "आबा, खरं सांगा. आपला चित्र्या उभा का आडवा?"

खोंड होता तेव्हा मीच त्याला वेसण घातली होती.

"आडवा, बाळा."

तिनं बॅटरी बंद केली, माझ्या हातात दिली. आम्ही दोघं घराकडं निघालो, त्या चौथ्या चौकोनासारखे. मागनं कुणी येत नव्हतं. मी तरी वळून बघितलं.

आता आर्वी शाळेत जाते, स्वतः वाचते, आडवं, आणि वर माझ्या चुका काढते. शेवटचं पान आलं की मात्र पुस्तक माझ्या मांडीवर ठेवते.

"आबा, ह्ये तुमी वाचा."

एवढा मान दिल्यावर दुसरी पास माणूस नाही कसं म्हणणार? चष्मा पुसतो आणि वाचतो. उभंच!