नाक्यावरचं गाऱ्हाणं

पवईच्या तलावामागे एक टेकडी आहे. तिच्या अंगावर घरं अशी चढत गेली आहेत, की खालच्याचं छप्पर वरच्याच्या अंगणाला टेकतं. शेवटून तिसऱ्या घरात कल्पिता राहते. बी.एस्सी.चं तिसरं वर्ष, विषय गणित. खोली एक आणि माणसं पाच, म्हणून ती अभ्यास करायची टेकडीखालच्या शाळेच्या अभ्यासिकेत. तिथे ज्याने त्याने आपलं बसकर ठेवायचं आणि दुसऱ्याच्या बसकरावर बसायचं नाही, हा न लिहिलेला नियम. कल्पिताचं बसकर खिडकीजवळ असे. आईच्या जुन्या साड्यांचं, जाड, बारीक टाक्यांचं.

त्या हिवाळ्यात देशोदेशीचे पाहुणे शहरात परिषदेला आले. टेकडीखालच्या भिंतीवर रातोरात मोर आणि कमळं उगवली. रस्त्याच्या मधोमध कुंड्या आल्या. आणि अभ्यासिकेच्या दारावर कागद लागला: पाच दिवस बंद. बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेल्या महिला पोलिसांची उतरायची सोय तिथे केली होती. कल्पिताचं बसकर आत राहिलं, वहीही आत राहिली. शेवटचा पेपर तीन दिवसांवर होता.

दुपारी ती धीर करून गेली. दारात एक शिपाई बाई बूट काढून पाय चोळत बसली होती. छातीवर नाव होतं, संघमित्रा.

"ताई, माझी वही आहे आत. आणि बसकर."

"निळ्या काठाचं? खिडकीपाशी?" बाई ओशाळून हसली. "उशाला घेतलं गं मी ते. हिंगोलीहून निघताना उशी कोण आणतं? माझ्या मायच्या वाकळेवानी वाटलं."

ती बसकर आणायला उठली, तशी कल्पिता म्हणाली, "राहू दे ताई. वहीच द्या."

"मग तू अभ्यास कुठं करतीस?"

कल्पिताने टेकडीकडे नुसती मान वळवली. संघमित्राने वरच्या घरांकडे पाहिलं आणि ती एका बाजूला सरकली. "आम्ही दिवसभर रस्त्यावरच असतो. आमच्या मॅडमला विचारते. खिडकी तुझीच."

मॅडमने हो म्हटलं. दोन दिवस कल्पिता रिकाम्या गाद्यांमध्ये बसून गणितं सोडवत राहिली. दुपारी संघमित्रा डबा खायला यायची, तिच्या वहीत डोकावायची आणि म्हणायची, "ह्यात आकडेच नाहीत की गं! नुसती अक्षरं. हे कसलं गणित?" मग मोबाइलमधला मुलीचा फोटो दाखवायची. दिशा, वय सहा, पुढचे दोन दात पडलेले. तिला ताप होता आणि आई साडेतीनशे मैलांवर झेंड्यांची राखण करत होती. हे सगळं कल्पिता रात्री घरी सांगायची.

पेपरच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "माझी ड्यूटी तुझ्या कॉलेजसमोरच्या नाक्यावर आहे. साडेआठला दोर लागणार. त्याच्या आत पलीकडे जा. एकदा लागला की मी माझ्या बापालाही सोडू शकत नाही."

पेपर नऊचा. साडेनऊनंतर दार बंद. सगळं ठरलेलं होतं. फक्त घरातल्या भिकाजी आजोबांचं गाऱ्हाणं कुणी हिशेबात धरलं नव्हतं.

भिकाजी आजोबा कोकणातून गिरणीत आले, गिरणी गेली, पण गाऱ्हाणं राहिलं. घरचा मोठा माणूस देवाला मोठ्याने आपलं म्हणणं सांगतो आणि प्रत्येक वाक्यामागे बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. अर्ध्यावर ते सोडायचं नसतं. आठला आजोबांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा, आज तुझा लेकरू कल्पिता पेपराक जाता हा..."

"व्हय म्हाराजा," कल्पिता म्हणाली.

मग गावची वेस आली, वेशीवरचा राखणदार आला, चुलत्यांची भांडणं आली, परदेशातून आलेले पाहुणेही आले. त्यांचं अन्न त्यांना पचो, असं आजोबांनी मागितलं. आतून आई प्रेमा सासऱ्यांना म्हणाली, "मामांनू, आवरा जरा. रस्तो बंद होतलो."

"देवाक घाई सांगू नको गे," आजोबा म्हणाले आणि पुन्हा वेशीपासून सुरुवात झाली.

नारळ फुटला तेव्हा आठ पंचवीस झाले होते. कल्पिता पायऱ्या उडत उतरली. मागून आजोबा काठी टेकत निघाले. नाक्यावर आली, तर समोर दोर ताणलेला. पलीकडे कॉलेजचं दार दिसत होतं, त्यात शिरणाऱ्या मुली दिसत होत्या. दोघांमध्ये रिकामा, धुतलेला, चकचकीत रस्ता.

संघमित्राने तिला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "सांगितलं होतं ना गं तुला!"

"ताई, नुसती पळत जाते..."

"तिथे साहेब उभा आहे. नाही सोडता येत, बाई."

नऊ वाजले. नऊ दहा. आजोबा येऊन पोचले तेव्हा नातीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी दोर पाहिला, कॉलेज पाहिलं, आणि आपण काय केलं ते त्यांना कळलं. म्हातारा जागेवरच लहान झाल्यासारखा दिसला. त्यांनी रस्त्यालाच हात जोडले.

"बा म्हाराजा, चूक माझी. पोरीक वाट दी."

इतकंच. उभ्या जन्मातलं त्यांचं सर्वांत छोटं गाऱ्हाणं. कल्पिता डोळे पुसत पलीकडच्या दाराकडे बघत होती, साथ द्यायची विसरली. आजोबा थांबून राहिले; साथीवाचून ते पुरं होत नाही. दोराला हात लावून उभ्या असलेल्या संघमित्राने एकदा साहेबाकडे पाहिलं, मग समोर बघतच हलकेच म्हणाली,

"होय महाराजा."

पुढे अकरा मिनिटं काहीच झालं नाही. मग काळ्या गाड्या आल्या, वाऱ्यासारख्या गेल्या. साहेबाची शिट्टी वाजली तशी संघमित्राने सगळ्यांत आधी कल्पिताच्या समोरचा दोर खाली टाकला. "पळ!"

नऊ अठ्ठावीसला ती वर्गात होती.

बाहेर आली तेव्हा आजोबा नाक्यावरच्या कुंडीपाशी बसून होते. "किती रवला?" त्यांनी विचारलं.

"एक प्रश्न राहिला. पण पास होईन."

त्यांनी मान हलवली. काठी टेकत उठले आणि म्हणाले, "त्या पोलीस बायची पोर बरी हा काय गे? नाव काय तिचा?"

पाहुणे गेले, अभ्यासिका उघडली. खिडकीपाशी बसकर धुऊन, घडी करून ठेवलेलं होतं. टेकडीवर आजोबांचं गाऱ्हाणं पुन्हा लांबत गेलं. वेस, राखणदार, चुलते आणि सर्वांत शेवटी हिंगोलीची दिशा. कल्पिता आता घड्याळाकडे बघत नाही. त्या नावाला ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने साथ देते.