मठपती सरांच्या प्रयोगशाळेतला कूलर

आदरणीय मठपती सरांना मी प्रथम पाहिले ते कामावर रुजू झालो त्या दिवशी. बी.एस्सी.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून मी पोखर्णीहून त्यांच्या विभागात प्रयोगशाळा परिचर म्हणून आलो होतो. सर बेसिनपाशी सिलिकॉनच्या नखाएवढ्या पट्ट्या धूत होते. माझा नेमणुकीचा आदेश वाचून म्हणाले, "नरसिंगराव, हे काम आजपासून तुमचं. पट्टी चमकली म्हंजे स्वच्छ झाली असं न्हाई." तोवर माझ्या नावाला कोणीही 'राव' लावले नव्हते.

सरांचा विषय मला समजला तेवढा सांगतो. ब्लॉक कोपॉलिमरच्या लांबलचक रेणूचे दोन भाग असतात. एक द्रावकात, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, रमतो; दुसऱ्याला तो सोसत नाही. म्हणून असे पुष्कळ रेणू एकत्र येतात, न सोसणारा भाग आत घेतात आणि त्यांचा गोळा होतो. त्याला मायसेल म्हणतात. स्वच्छ पट्टी द्रावणात बुडवून संथपणे वर ओढली, की हे गोळे तिला चिकटतात आणि द्रावक उडून जाताना सारखे अंतर राखून रांगांनी बसतात. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. पट्ट्या बाहेरगावच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाकडे पाठवायच्या आणि छायाचित्रांची वाट पाहायची.

पट्ट्या मी धूत असे. ओढण्याचे काम सरांनी संशोधक विद्यार्थिनी वैशालीताईंना दिले होते. त्या चुडाव्याहून रेल्वेने येत. सर त्यांच्या मनगटाकडे पाहत "सावकाश, अजून सावकाश" म्हणत, तेव्हा मी शेजारी चिमटे पुसत असे. मला ताईंचा फार हेवा वाटे. हे सरांच्या या गौरवग्रंथात लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला; पण ते वगळले तर सरांचे मोठेपण सांगता येणार नाही.

एका उन्हाळ्यात ताईंच्या पट्ट्या बिघडू लागल्या. छायाचित्रांत रांगांऐवजी भोके दिसत. प्रबंधाची मुदत जवळ आली होती. मी रोजच्या कामाची वही ठेवतो. ती चाळताना ध्यानात आले, की टेबलाशेजारी कूलर चालू असलेल्या दिवसांच्याच पट्ट्या बिघडल्या आहेत. द्रावक उडताना पट्टी गार पडते आणि कूलरच्या ओल्या हवेने तिच्यावर दव धरते, हे कारण सरांनी पुढे समजावले. दिवस मात्र मला आधीच सापडले होते, आणि मी गप्प राहिलो.

नवव्या दिवशी सरांनी वही मागितली. कूलरच्या नोंदींखाली मी पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"आठ दिवस झाले, सर."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुमी त्यांनाच शिकवायलाव. मला कधी ओढू दिली न्हाई."

नोकरी गेली, असेच मला वाटले. सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "तुमाला ओढायची हाय हे मला कळायला पायजे होतं. ती चूक माझी. पण ताईचे आठ दिवस गेले, ती तुमची. जा, तिला सांगून या. मी सांगणार न्हाई."

ताईंनी सगळे ऐकून घेतले. "आठ दिवस? नरसिंग, लय जळतोस की रे," एवढेच म्हणाल्या आणि उठून त्यांनीच कूलर बंद केला. "चल, आता घाम पुसत ओढू."

त्या दुपारी सरांनी चिमटा माझ्या हाती दिला. पहिली पट्टी मी घाईने ओढली. दुसरीच्या अर्ध्या भागात रांगा नीट आल्या. तिच्या छायाचित्रावर सरांनी स्वतःच्या अक्षरात 'नरसिंगराव, पट्टी दोन' असे लिहिले. ताईंच्या छायाचित्रांवर नुसते आकडे असत.

सर आता साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त होत आहेत. यापुढे काकूंना आणि नातवंडांना ते दिवसभर लाभतील. त्यांचाही मला हेवा वाटतो, आणि या वेळी मी तो लपवत नाही. त्या सर्वांना देऊनही आमच्यासाठी काही दुपारी शिल्लक राहाव्यात, एवढे दीर्घ आणि निरोगी आयुष्य सरांना मिळो.