चवथीच्या दिवशी भाऊ कुठे होता

हळर्णला कोणाच्या घरी माणूस मनाने खचला की माझे उदाहरण देतात. धाकट्या भावाला ह्याने कसे जपले बघा, म्हणतात. मी ते मुकाट ऐकत आलो. आता सत्तरी उलटली. ते कौतुक माझे नाही, एवढे तरी लिहून ठेवतो.

भाऊ डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि तो घरी बसला. आधी झोप गेली, मग जेवण, मग बोलणे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मी त्याला आळशी म्हटले. पुढे वाटू लागले, बाहेर कळले तर आमच्या मुलीचे लग्न अडेल.

त्या वर्षी गणेश चवथीला वाडीवरची माणसे घरोघर आरत्या करीत आमच्याकडे आली. आरतीच्या तालाला कातडे ताणलेले मातीचे घुमट दर वर्षी भाऊच वाजवायचा.

"घुमटवालो खंय गेलो?" एकाने विचारले.

"तेरेखोलाक हॉटेलात लागलो. सुट्टी गावली नाय."

"चवथीक सुट्टी नाय? असलां कसलां हॉटेल!"

सगळे हसले. मीही हसलो. भाऊ आतल्या खोलीत होता आणि दाराला बाहेरून कडी मीच घातली होती.

माणसे पुढच्या घरी गेल्यावर मी कडी काढली. तो खाटेवर बसला होता. कित्येक दिवसांनी बोलला.

"दादा, थंय मी नेमकां काय काम करतंय, ता पण सांगून ठेव. कोणी इचारल्यान तर तसांच सांगान."

माझ्या मागे बायको उभी होती.

"चवथ झाली की मी भावोजींका डॉक्टराकडे व्हरतंय," ती म्हणाली. "तुमी येव नकात. कोणी तुमच्याबद्दल इचारल्यान तर सांगान, तेरेखोलाक गेले म्हणान."

तीच त्याला बसने मनोविकारांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. बरे दिवस यायचे, वाईटही यायचे. वाईट दिवशी ती त्याच्याजवळ भाजी निवडत बसायची, काही विचारायची नाही. तिचे बघून मी शिकलो. पुढे इस्पितळात त्याच्याबरोबर मी जाऊ लागलो, आणि लोकांना तेवढेच दिसले.

गेल्या आठवड्यात गावातला एक जण आला. त्याचा मुलगा खोलीतून बाहेर पडत नाही.

"तेव्हा तुमी लोकांका काय सांगलात?" त्याने हळूच विचारले.

भाऊ तिथेच चहा पीत होता. मी सगळे सांगितले. हॉटेल, कडी, डॉक्टरकडे कोण घेऊन गेले ते. त्या माणसाने मान खाली घातली.

भावाने कप ठेवला. "लोकांचा रवांदे. चल, मी येतंय. जरा बसतंय तेच्याकडे."

मी उठू लागलो.

"तुमी बसा," बायको म्हणाली. "आमी दोगां पुरे."

आणि चपला घालून ती त्यांच्यामागून निघाली.