शिवानंदअण्णांची निळी गाडी

भूम आगारात मी सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. त्यातली सहा वर्षं शिवानंदअण्णांच्या बसवर. अण्णा मूळचे उमरग्याकडचे. एरवी अबोल माणूस, पण मन खूश झालं की तोंडात कानडी यायची. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली आणि एकाही माणसाला खरचटू दिलं नाही. ते रिटायर झाले, मागोमाग वर्षभरानं मीही झालो. घरं एकाच गल्लीत, त्यामुळं सकाळचा चहा सुटला नाही.

त्यांची मुलगी राजेश्वरी पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं तिला परदेशी पाठवलं, तेव्हा तिनं स्वतःची गाडी अण्णांच्या दारात आणून उभी केली. निळी, बुटकी, दोन दारांमागं लगेच संपणारी. गिअरचा दांडा जेमतेम वीतभर.

"ही काय गाडी हाय व्हय? डबा हाय डबा," अण्णा म्हणाले. "बलभीम, आपल्या बसचं एक चाक हिच्यापेक्षा जड असंल."

पण मुलगी विमानात बसली त्याच आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. वाशीच्या रस्त्यावर पहिलं वळण आलं. बसच्या सवयीनं त्यांनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी अशी झपकन वळली की आम्ही जवळजवळ बांधावरच गेलो. अण्णांनी गाडी थांबवली. स्टेअरिंगकडं बघत राहिले. मग लहान पोरासारखे हसले.

"छलो ऐती!" म्हणाले. झकास आहे म्हणून.

त्या दिवसापासून रविवार आमचा झाला. अण्णा कधी पन्नासच्या वर जायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "अण्णा, एवढी पळणारी गाडी, आन तुम्ही बैलगाडीवानी चालवताय."

"अरं, पळवायला काय लागतंय? हायवेला शंभरनं गेलं तर झोप येती. हितं बघ." पुढं नागमोडी उतार होता. त्यांनी मनगटानं दुसरा गिअर टाकला, इंजिन गुरगुरलं, गाडी आत वळली, आणि वळण सरळ होताना त्यांनी हळूच पाय दाबला. माझं अंग सीटला टेकलं. काटा पंचेचाळीसवर. "बस वळवायची म्हंजी आधी अर्ज करावा लागतो. तोंड वळतं, मग पोट, मग शेपूट. ही हलकी हाय, आखूड हाय. माझ्या मनात यायचा अवकाश, की वळती. आन बूड खाली असल्यानं रस्ता कसा हाताला लागतोय. कुठं खडी हाय, कुठं डांबर नवं हाय, समदं कळतं. एकतीस वर्षं ह्या रस्त्यानं गेलो, बलभीम, पण रस्ता आत्ता भेटला."

अण्णांच्या पत्नी श्रीदेवीवहिनी पदरानं तोंड झाकून हसायच्या. "लग्नात बी एवढे खूश नव्हते," म्हणायच्या.

पोळ्यानंतरची गोष्ट. आम्ही येडशीहून आडरस्त्यानं तेरला निघालो होतो. उजवीकडच्या पाऊलवाटेनं एक बाई डोक्यावर कडवळाच्या वैरणीचा भारा घेऊन रस्त्याकडं येत होती. मला ती बरीच आधी दिसली. अण्णांना दिसलीच असणार, म्हणून मी बोललो नाही. बाई डांबरावर आली. गाडीचा वेग तसाच. मी ओरडलो, "अण्णा!"

गाडी हलकी म्हणूनच जागेवर थांबली. बाई मागं कोलमडली, भारा बॉनेटवर पडला.

"डोळे फुटले का रं मुडद्या?" ती ओरडली.

अण्णा उतरले. तिला हात जोडले. भारा पुन्हा तिच्या डोक्यावर चढवून दिला. ती शिव्या देत गेली, तरी ते तिथंच उभे होते.

"बलभीम, ती कुठनं आली?"

खोटं बोलता आलं असतं. "त्या पाऊलवाटंनं," मी म्हणालो. "लई लांबनं येत व्हती, अण्णा."

ते गाडीत बसले. नजर समोर ठेवली आणि म्हणाले, "खाली उतर. टोपी हातात धर. उजव्या अंगानं मागनं पुढं चालत ये. मला दिसलास की म्या सांगतो."

मी टोपी हलवत चालू लागलो. त्यांच्या दाराजवळ आलो. आरशाजवळ आलो.

"चालतोयस ना?"

"चालतोय."

"कुठवर आलास?"

मी पुढच्या दिव्यापाशी पोचलो होतो. आणखी तीन पावलं टाकली, तेव्हा ते म्हणाले, "हां. आत्ता." मग माझं तोंड बघून त्यांना समजलं. डाव्या बाजूनंही तसंच झालं. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली. मला गाडी येत नाही. आम्ही रस्त्याकडंला बसलो आणि गावातून कुणी येऊन गाडी न्यावी म्हणून फोन केला.

धाराशिवच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांना. कडंचं गेलंय ते परत येणार नाही, समोरचं टिकावं म्हणून थेंब घालत राहायचे. स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

"कधीपास्नं असंल?" अण्णांनी विचारलं.

"सांगता येत नाही, काका. हळूहळू होतं, माणसाला पत्ता लागत नाही."

बाहेर बाकावर बसल्यावर अण्णा म्हणाले, "बसवर बी असंच असंल का रं? शेवटच्या वर्षात? माझ्यामागं पन्नास माणसं असायची, बलभीम. लेकरं असायची."

"काय बी झालं न्हाय, अण्णा. म्या होतो की मागं."

"झालं न्हाय," ते म्हणाले. "पर झालं असतं."



दिवाळीला राजेश्वरी सुट्टीवर आली. ड्रायव्हर ठेवू, तुम्ही शेजारी बसा, असं तिनं परोपरीनं विनवलं. अण्णांनी ऐकलं नाही. गाडी पुण्यातल्या तिच्या मैत्रिणीला द्यायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी तिनं बापाला येडशीच्या घाटात नेलं. मी मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. ती शहरातल्यासारखी जपून चालवत होती. अण्णा हळू आवाजात सांगू लागले, "आता दुसरा. वळणाआधीच टाक, वळणात न्हाय. क्लच सोड. आता रेस दे, हळू दे." चौथ्या वळणाला तिला जमलं. गाडी अगदी त्यांच्यासारखी वळली. "अप्पा, कळलं!" ती आनंदानं ओरडली.

"कळलं न्हवं?" अण्णा म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. तिनं पुढचं वळण यायच्या आत गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

आता दर दोन महिन्यांनी मी त्यांना तपासणीला नेतो. वाशी, तेरखेडा, येडशी, धाराशिव, सगळं बसनं. परवा गेलो तेव्हा येडशीजवळ रामलिंगाच्या रानात पळस पेटला होता. म्हटलं, "अण्णा, उजव्या अंगाला बघा, कसा फुललाय."

नुसती मान वळवली असती तरी दिसला असता. त्यांनी वळवली नाही. समोरच्या सीटच्या दांड्यावर स्टेअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात ठेवून, पुढच्या रस्त्यावर नजर लावून ते सरळ बसून राहिले.