रिलिंक्विश : वाक्यात उपयोग करा

वकिलाच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, माणसं कागदांबरोबर आणून देतात. आमचं दादरचं ऑफिस तर बहिणींच्या हक्कसोडपत्रांचं. आईबाप गेले, चाळ पाडून टॉवर होणार, की भाऊ बहिणीला घेऊन हजर!

त्या कागदात एक इंग्रजी क्रियापद असतंच, 'रिलिंक्विश'. पूर्वी एक बाई सही करून गेली आणि महिन्याने "मला काही कळलंच नव्हतं" म्हणत रडत आली. तेव्हापासून साहेबांचा नियम. आधी त्या शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा, मगच सही! अर्थ समजावायचं काम आमच्या सुनंदाचं. "आपल्या हक्काचं आपल्या मर्जीनं सोडणं," असं ती शाळेतल्या बाईंसारखी सांगायची.

*

कॉटन ग्रीनच्या एका आजींनी लगेच वाक्य केलं. "लग्नात मी माझं नाव रिलिंक्विश केलं."

"मर्जीनं?" साहेबांनी विचारलं.

"विचारलं होतं कोणी!" म्हणत आजींनी सही ठोकली.

*

शीव कोळीवाड्याच्या ताईंना भाऊ घाई करत होता. "बोल ना गं पटकन, टॅक्सी उभीय खाली!"

ताई म्हणाल्या, "ह्याने आईला चार वर्षं रिलिंक्विश केलं."

"चुकलं," सुनंदा हळूच म्हणाली. "हक्क सोडला तर रिलिंक्विश. माणसाला वाऱ्यावर सोडलं तर अबॅन्डन."

"मग तेही लिहा की कागदात!"

त्या दिवशी ऑफिसात कोणी चहा मागवला नाही.

*

सुनंदा लालबागच्या चाळीत आईबरोबर राहायची. लग्न केलं नाही, अंथरुणाला खिळलेल्या आईचं नऊ वर्षं हगणं-मुतणं काढलं. आईचं तेरावं झालं आणि तिचे दोघे भाऊ आमच्याच ऑफिसात आले. कागद मलाच टाइप करावा लागला. ती खोली गेली तर तिला दुसरं छप्पर नव्हतं, आणि मी तिचं नाव टाइप करत होते! स्वतःचीच लाज वाटली.

साहेबांनी पेन पुढे केलं. मान खाली घालूनच म्हणाले, "वाक्यात उपयोग करा, सुनंदाबाई."

सुनंदाने कागद वाचून खाली ठेवला. "सुचत नाही, साहेब."

मोठा भाऊ भडकला. "काय गो, सगळ्या बायकांका तूच शिकवतंस ना?"

"शिकवते रे दादा. पण मलाच अजून नीट कळला नाही."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "नियम म्हणजे नियम!"

याला आता आठ महिने झाले. दर सोमवारी दादाचा ऑफिसात फोन येतो. "सुचला काय?"

सुनंदा शांतपणे सांगते, "अभ्यास चालू आहे, दादा."